परिसरातील कुशल कारागिरांची टंचाई: प्रशिक्षणाची आखणी कशी करावी

एखाद्या औद्योगिक पट्ट्यात 'वेल्डर मिळत नाहीत' अशी ओरड सुरू झाली की बहुतेक वेळा वेल्डिंगची एक नवी तुकडी सुरू केली जाते आणि ती बाहेर पडल्यावरही ओरड तशीच राहते. कारखान्यांना हवा असतो तो ४५ अंशांत तिरका बसवलेला पाइप न फिरवता सर्व बाजूंनी जोडणारा, म्हणजे ६जी स्थितीत काम करणारा वेल्डर, आणि तुकडीने सराव केलेला असतो तो टेबलावर सपाट ठेवलेल्या पट्ट्यांचा. म्हणून पाहणी करताना ट्रेडचे नाव न विचारता नेमके कोणते काम अडते ते विचारावे, आणि तेही शक्यतो शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरला. कोणता जॉब (घडवायचा सुटा भाग) बाहेर करून घ्यावा लागतो, कोण रजेवर गेले की कोणते मशीन बंद पडते आणि येत्या पाच वर्षांत कोण निवृत्त होणार, एवढ्या तीन प्रश्नांतून कामचलाऊ यादी तयार होते. शिकलेली माणसे वर्षभरात काम सोडून जात असतील, तर टंचाई कौशल्याची नसून पगाराची किंवा वागणुकीची आहे, आणि तिच्यावर प्रशिक्षण हा उपाय नव्हे.

अभ्यासक्रम या यादीवरून उलट दिशेने बांधावा. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथवर, बटण दाबणारा ऑपरेटर आठवड्याभरात तयार होतो. तुटवडा असतो तो सेटरचा, म्हणजे मशीनवर हत्यारे आणि मापे लावून देणाऱ्याचा. इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे पाते) बदलल्यावर त्याने पहिला जॉब काढून मायक्रोमीटरने मोजला, २५.०० मिमी हव्या असलेल्या व्यासाऐवजी २५.०४ आला, तर व्यासाच्या मापात चालणाऱ्या मशीनवर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेसाठी मापात करायच्या दुरुस्तीत) ०.०४ उणे करून पुढचा जॉब काढायचा असतो. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. पण गरम जॉब मोजला की माप फसवते, हे हाताला कळायला महिने लागतात. त्यामुळे वेळापत्रकातला मोठा वाटा प्रात्यक्षिकाला द्यावा.

सर्वांत मोठी अडचण मशीनची नसून निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची असते, असे माझे मत आहे. उत्तम कारागीर आपोआप उत्तम शिक्षक होत नाही. अनेकदा त्याला आपण काय करतो ते शब्दांत सांगताच येत नाही. अमेरिकेत १९४० मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमाने यासाठी चार पायऱ्या ठरवल्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवत समजावणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. निवडलेल्या ज्येष्ठ कारागिरांना आधी ही पद्धत शिकवावी आणि शिकवण्याचे तास त्यांच्या उत्पादनाच्या लक्ष्यातून वजा करावेत, नाहीतर शिकाऊ मुलगा झाडू मारतच राहतो.

लहान कारखान्यात सगळी कामे शिकायला मिळत नाहीत. जर्मनीच्या दुहेरी पद्धतीत साधारण दोन ते साडेतीन वर्षे उमेदवार कंपनी आणि व्यावसायिक शाळा अशा दोन्ही ठिकाणी शिकतो, आणि लहान उद्योगांना जे शिकवता येत नाही ते सामाईक कार्यशाळांमधून शिकवले जाते. पाच-सहा कारखान्यांनी मिळून उमेदवार आळीपाळीने फिरवले आणि विद्यावेतनाचा खर्च वाटून घेतला, तर 'आम्ही शिकवायचे आणि शेजाऱ्याने पळवायचे' ही भीतीही बरीच कमी होते.

अंतिम चाचणी ज्याने शिकवले त्याने घेऊ नये. दुसऱ्या कारखान्याच्या सुपरवायझरने अनोळखी ड्रॉइंग द्यावे, तयार जॉब स्वतः मोजावा आणि वेल्डिंगचा तुकडा असेल तर तो कापून व वाकवून पाहावा.