लॅबमधले पीसी नेटवर्कवरून बूट करताना

परभणीकडच्या एका शाळेत वीस पीसी नेटवर्कवरून बूट करायचे होते, म्हणजे स्वतःच्या डिस्कऐवजी सर्व्हरवरच्या फाइलनं सुरू करायचे होते. राउटरचं डीएचसीपी (पीसींना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा) चालूच होतं, मी सर्व्हरवरही चालू केलं. दोघंही पत्ते वाटायला लागले अन् निम्मे पीसी अडकले. तेव्हा राउटरला हात लावूच नका. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीनं चालवा: पत्ता राउटर देतो, बूटची फाइल कुठंय तेवढं सर्व्हर सांगतो.

खरी गोम फाइलमध्येच आहे. जुन्या बायोसच्या (पीसी चालू होताच आधी चालणारा प्रोग्राम) मशीनला 'पीएक्सईलिनक्स.०' चालते, यूईएफआयवाल्याला (बायोसची नवी पिढी) '.ईएफआय' फाइलच लागते. शाळांत दोन्ही पिढ्यांची मशीनं शेजारी-शेजारी असतात, म्हणून एकच फाइल सगळ्यांना देऊ नका. मशीन स्वतःचा प्रकार डीएचसीपीच्या ९३ नंबरच्या ऑप्शनमधून कळवतं. ० आला तर बायोस. त्यावरून फाइल ठरवा.

स्क्रीनवर 'पीएक्सई-ई३२' ही नेटवर्क-बूटची एरर आली, तर टीएफटीपीकडून (बूटची फाइल पाठवणारी सेवा) उत्तर येत नाहीये. आधी फायरवॉल बघा, यूडीपी पोर्ट ६९ उघडं हवं. प्रॉक्सीसाठी ६७ आणि ४०११ पण.

आणि सर्व्हरबरोबर नेटवर्कचा स्विचही यूपीएसवर घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट आली की पीसी सर्व्हरच्या आधी उठतात अन् तसेच थांबून राहतात.