कंपनीचा लॉगिन पत्ता बदलताय? आधी जुना पत्ता हुडका

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की चिंचोळीतलं युनिट, ऑर्डरी, स्टॉक, हजेरी सगळं आता लॉगिनच्या मागे असतं. कंपनीचं नाव बदललं किंवा नवं डोमेन घेतलं की तो पत्ताही बदलतो. डीएनएसमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या सर्व्हरवर जातं त्या इंटरनेटच्या वहीत, नवी नोंद टाकायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो जुना पत्ता कुठेकुठे मुरलाय ते शोधण्यात.

यादी

माणसं वापरतात ते पत्ते लवकर सापडतात: बुकमार्क, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, मोबाइल अ‍ॅप, आपोआप जाणाऱ्या ईमेलमधल्या लिंक, गेटवर चिकटवलेला क्यूआर कोड. मशीनं आपापसांत वापरतात ते मात्र कुणाच्याच लक्षात नसतात. हजेरीचं मशीन, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जोडणी, पेमेंट गेटवेला दिलेला कॉलबॅक (पैसे आल्याचं कळवायचा पत्ता), फायरवॉलमधली परवानगी यादी, हे सगळं तपासा. त्यासाठी जुन्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, पूर्ण महिन्याचा बघा. पगाराचं काम महिन्यातून एकदाच चालतं, आठवड्याच्या लॉगमध्ये ते दिसणारच नाही.

गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन होत असेल तर तिथेही नवा परतीचा पत्ता (लॉगिन झाल्यावर माणसाला परत पाठवायचं ते पान) नोंदवावा लागतो. तो अक्षर न अक्षर जुळायला हवा, शेवटची तिरकी रेघसुद्धा. नवा जोडा, पण जुना लगेच काढू नका.

आदल्या दिवसांची तयारी

डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे ते उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, बघा. तो 86400 सेकंद असेल तर जुनं उत्तर दिवसभर इतरांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहू शकतं. म्हणून निदान दोन दिवस आधी तो 300 वर आणा. साइट खरी असल्याची खात्री ब्राउझरला देणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रात नवं नाव आहे का, तेही पाहून घ्या.

पासवर्डचं काय होणार, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड त्या डोमेनशी बांधलेला असतो. डोमेनच बदललं तर रकाना रिकामा दिसणार आणि कित्येकांना पासवर्ड आठवणारच नाही. पासकीचंही (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने लॉगिन) तसंच, नव्या डोमेनवर ती सहसा पुन्हा तयार करावी लागते. तेव्हा ओटीपीसारखा दुसरा मार्ग आधीच चालू ठेवा.

चाचणी

होस्ट्स ही कॉम्प्युटरमधली फाइल डीएनएसच्या आधी वाचली जाते. एकदोन कॉम्प्युटरच्या या फाइलमध्ये नवं नाव नव्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याला जोडा. बाकी जगाला कळायच्या आत तुम्हाला नवं पान दिसेल. इनकॉग्निटो खिडकीत उघडा, नाहीतर जुन्या कुकीज घोळ घालतात. बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, लॉगआउट, हे बघाच. ‘पासवर्ड विसरलो’ दाबल्यावर येणाऱ्या ईमेलमधली लिंक कुठल्या पत्त्याची आहे, हेही वाचा. मालक, अकाउंट्स, गोडाऊन, डीलर अशा प्रत्येक प्रकारच्या खात्यातून शिरून बघा. चाचणी संपली की होस्ट्समधली ती ओळ पुसा.

मग जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणी लावा. जुनी ऑर्डरची लिंक थेट त्याच ऑर्डरवर गेली पाहिजे, मुख्य पानावर नव्हे. सुरुवातीला 302, म्हणजे तात्पुरती वळवणी, ठेवा. 301 ही कायमची वळवणी ब्राउझर लक्षात ठेवतो, मागे फिरायची वेळ आली तर ती आडवी येते. मशीनकडून पाठवली जाणारी माहिती 301 किंवा 302 मध्ये बऱ्याचदा वाटेतच गळते. 307 हा वळवणीचा आणखी एक प्रकार ती जपतो, पण त्या मशीनमध्येच नवा पत्ता टाकणं उत्तम. नवा पत्ता सगळ्यांना खुला झाला की ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही बघा.

दिवस कुठला?

पगाराचे दिवस आणि जीएसटी रिटर्न भरायच्या 11 व 20 तारखांचा शेजार टाळा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत ऑफिस निवांत असतं म्हणून मोह होतो, पण अडलं तर सोडवणारा माणूसही तेव्हा यात्रेत असतो. आठवड्याच्या मधली सकाळ बरी. किती वाजेपर्यंत जमलं नाही तर माघार घ्यायची आणि ते कोण ठरवणार, हे आधीच ठरवा.

सांगायचं कसं?

‘पत्ता बदललाय, इथे लॉगिन करा’ हा मेसेज फसवणारेही असाच पाठवतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकू नका. जुन्याच पत्त्यावर या, तिथून आपोआप पुढे जाल, असं सांगा आणि नवा पत्ता नोटीस बोर्डावर लावा. शहराच्या पूर्व भागात बरेच कामगार तेलुगू बोलतात, तिथल्या कारखान्यात सुपरवायझरने तेलुगूतही सांगितलं तर विचारणारे फोन निम्मे होतील.

नंतर

जुन्या पत्त्याचा लॉग रोज चाळा, त्यावरून कोण अजून येतंय त्याला स्वतः फोन करा. सगळे नव्यावर स्थिरावले की 302 चा 301 करा. जुन्या डोमेनचं नूतनीकरण मात्र दरवर्षी भरत राहा. ते सोडलं तर दुसरा कुणीही विकत घेऊन तिथे तुमच्यासारखंच लॉगिन पान उभं करू शकतो.