मुलांच्या पोटात पाणी होतं तेव्हा या चुका टाळा

सदरा वर केला, पोट दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, जंत झालेत बहुतेक." तोवर जंताची बाटली दोनदा पाजून झालेली असते, मेडिकलवाल्याने गॅसचे थेंब दिलेले असतात आणि महिना गेलेला असतो.

नुकतं चालायला लागलेल्या मुलाचं पोट जरा पुढे असतंच. कमरेत बाक असतो, पोटाचे स्नायू कोवळे असतात, आणि उताणं झोपवलं की ते पोट बसतं. पाण्याचं पोट झोपवल्यावर दोन्ही कुशींना पसरतं. कातडी ताणून चकाकते, शिरा दिसायला लागतात, बेंबी वर येते. चड्डीचं इलॅस्टिक रुततं, वजनकाट्यावर आकडा वाढतो, पण दंड मात्र काटकुळेच राहतात. एवढं बघायला सोनोग्राफी लागत नाही, पक्कं करायला लागते.

पोटात साठलेल्या पाण्याला जलोदर म्हणतात. हे नाव कळलं की घरच्यांना निदान झाल्यासारखं वाटतं. काही डॉक्टरांनाही वाटतं. पण ते पाणी यकृताचं असेल, मूत्रपिंडाचं असेल, टीबीचं असेल, हृदयाभोवतीचं आवरण आवळल्यामुळे असेल. प्रत्येकाचा उपचार वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

बाळाच्या शीचा रंग न बघणं

हा माझा दुखरा विषय आहे, म्हणून लांबण लावणार.

तीन महिन्यांचं बाळ होतं. आजी कौतुकाने म्हणाल्या, "बघा कसं बाळसं धरलंय." बाळसं पोटातच होतं. डोळे पिवळे, गळ्यात काविळीची माळ. "बारशाच्या आधीपासूनच पिवळं आहे, पण सगळीच बाळं असतात ना? रोज कोवळ्या उन्हात धरतो." मी विचारलं, शी कशी होते? "पांढरट. दूधच पितंय ना, म्हणून." लंगोट मागवला. भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी शी, आणि शेजारी लघवीचा पिवळाजर्द डाग.

दूध पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, हिरवी, मोहरीसारखी, कशीही असू शकते. पांढरी नसते. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, कपड्यावर डाग पाडत नाही. पांढरी शी म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात उतरत नाहीये. बिलिअरी अ‍ॅट्रेझिया या आजारात पित्तनलिका बुजत जातात, पित्त यकृतात तुंबतं, यकृत घट्ट होतं, त्यात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो आणि मग पोटात पाणी साठतं. म्हणजे पाणी दिसलं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये यावरची शस्त्रक्रिया मांडली. आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुळाशी जोडतात. ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली, पुढे घसरत जाते. हे बाळ माझ्याकडे ९० दिवस उलटल्यावर आलं. शेवटी वडिलांनी स्वतःच्या यकृताचा तुकडा दिला. मूल आता शाळेत जातं आणि रोज गोळ्या घेतं.

मला राग आजींचा नाही. त्याआधी दोन ठिकाणी "कावीळ उतरेल" असं सांगून बाळाला घरी पाठवलं होतं. चौदा दिवसांनंतर कावीळ दिसली तर रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, मोजायचं: एकूण आणि डायरेक्ट, दोन्ही. एक साधी तपासणी, तीही टाळतात. माझी सवय सांगतो: दीड महिन्याच्या डोसाला बाळ आलं की सुई टोचायच्या आधी मी शीबद्दल विचारतो. आया हसतात, हसू दे. बेचाळिसाव्या दिवशी कळलं तर हातात अठरा दिवस उरतात.

यकृतावरून आठवलं. एके काळी आपल्याकडे तान्ह्यांच्या यकृताचा एक वेगळाच आजार होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात त्याचा संबंध कल्हई नसलेल्या पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधाशी दाखवला. स्वयंपाकघरात स्टील आलं आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. हल्ली तांब्याचं कौतुक परत आलंय. मोठ्यांनी काय प्यायचं ते प्यावं, बाळाचं दूध त्या भांड्यात नको.

मागच्या वेळची लघवीची गोळी परत देणं

नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात मुलाच्या लघवीतून प्रथिनं वाहून जातात. सकाळी डोळे सुजतात, मग पाय, मग पोट. यकृताच्या पाण्यात बहुधा पोट आधी आणि पाय नंतर. ही ढोबळ खूण आहे, पण मला ती रोज उपयोगी पडते.

पाच वर्षांचा मुलगा. पहिल्या खेपेला स्टेरॉइडने छान उतरला होता. आठवडाभरात सूज गेली आणि शेजारणीने "स्टेरॉइड वाईट" म्हटलं म्हणून गोळ्या बंद केल्या. महिन्याने सूज परतली. वडिलांनी जुनी चिठ्ठी काढली आणि त्यातली फक्त लघवीची गोळी आणली, दिवसातून दोनदा, चार दिवस. माझ्याकडे आला तेव्हा पोट टम्म, पण हातपाय गार, नाडी धावणारी, लघवी सकाळपासून नाही, ताप, आणि पोटाला हात लावू देईना. अशा मुलाच्या अंगात पाणी दिसतं भरपूर, पण ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतं. आत कोरड पडलेली असते. त्यावर लघवीची गोळी दिली तर उरलंसुरलंही जातं, रक्त घट्ट होतं, गुठळ्या होऊ शकतात. शिवाय त्याच्या पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला होता. नेफ्रॉटिकच्या मुलाला ताप आणि पोटदुखी असेल तर मी ते गॅस समजत नाही, तसाच अ‍ॅडमिट करतो. हाही केला. अँटिबायोटिक, शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), नऊ दिवस. वाचला.

पहिल्या खेपेचा कोर्स ठरलेला आहे: सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे दिवसाआड. सूज आठवड्यात उतरली तरी बारा आठवडे म्हणजे बारा आठवडे. मधेच अचानक बंद केलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइडही अपुरं पडतं. घाई झालेल्या आईवडिलांना मी एक वही घ्यायला लावतो. सकाळची पहिली लघवी, त्यात बुडवायची प्रथिनं दाखवणारी पट्टी, आकडा, तारीख. पट्टी परवडत नसेल तर परीक्षानळीत लघवी उकळून गढूळपणा बघायला शिकवतो. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की सूज यायची वाट न बघता फोन करायचा. वही न आणणाऱ्याला मी परत पाठवतो, अपवाद फक्त आजारी दिसणाऱ्या मुलाचा. यावरून माझ्यावर रागावलेले लोक बरेच आहेत.

पाणी काढलं, तपासायचं राहिलं

ही चूक माझी स्वतःची. रेसिडेंट होतो, हात शिवशिवत होते. नऊ वर्षांची मुलगी, पोट घागरीएवढं. सुई घातली, जवळजवळ लिटरभर पाणी काढलं, मुलीला बरं वाटलं, मलाही. बादली मावशींनी ओतली. चार दिवसांत पोट परत तेवढंच. राउंडला सरांनी एवढंच विचारलं, "पाण्याने काय सांगितलं?" मी गप्प.

दुसऱ्यांदा नमुना पाठवला. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भरपूर, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेलं. टीबी. संध्याकाळचा ताप आणि घटलेलं वजन केसपेपरवर मीच लिहिलं होतं. सहा महिन्यांच्या औषधाने ती बरी झाली.

तेव्हापासून सुई गेली की आधी बाटल्या भरायच्या. पेशी, अल्ब्युमिन, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), टीबीची शंका असेल तर एडीए, आणि त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिन. रक्तातल्या अल्ब्युमिनच्या आकड्यातून पाण्यातला आकडा वजा करा. फरक दर डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा जास्त आला तर यकृताकडच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय असं समजायचं. पाण्यात न्यूट्रोफिल (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त असतील तर कल्चरची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू. पाणी दुधासारखं आलं तर लिम्फवाहिनीची भानगड. उलट टोकाची चूकही आहेच: नमुना न घेता सरसकट टीबीची औषधं. मूळ आजार यकृताचा असेल तर त्यातली तीन औषधं त्याच यकृतावर भार टाकतात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाणी प्यायचं बंद करणं. बंद करायचं ते मीठ. वरणातलं चिमूटभर मीठ मोजतात आणि पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, बिस्किटं चालूच. पाणी तोडायची वेळ रक्तातलं सोडियम फार उतरल्यावर येते, आणि ते डॉक्टरने ठरवायचं.

नुसत्या डोळ्यांनी पोट मापणं. टेप बेंबीवरून, रोज एकाच वेळी, सकाळी लघवी झाल्यावर. वजन त्याच काट्यावर.

अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेनचं सिरप. या मुलांना नको.

पाच वर्षांपुढच्या मुलात यकृत बिघडलेलं असताना विल्सनचा आजार (यात शरीरात तांबं साठत जातं) न तपासणं. तो औषधाने आटोक्यात येतो, म्हणून चुकवला की जास्त लागतं.

मानेच्या फुगलेल्या शिरा न बघणं. वर्षभर यकृताचे उपचार चालतात आणि दोष हृदयाच्या आवरणात निघतो.

नवजात मुलग्याच्या पोटात पाणी आणि लघवीची धार बारीक: मूत्रमार्गातला पडदा शोधा.

पोटावर बिब्बा घालणं, डाग देणं. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डंबा देतात. आधीच प्रथिनं कमी असलेल्या लेकराची ती जखम लवकर भरत नाही. पण भूमकाला, म्हणजे तिथल्या वैदूला, शिव्या देऊन काही होत नाही. रात्री दोन वाजता त्याचं दार उघडं असतं आणि आमचा दवाखाना डोंगरापलीकडे.

आणि शेवटचं, फाइल घरी विसरणं. सोनोग्राफीचे फोटो नाही आणलेत तरी चालेल, कागद आणा. आधी कोणती औषधं किती दिवस दिली ते लिहून आणा, जडीबुटी असेल तर तीही. मी रागावणार नाही. रागावलो तरी पाच मिनिटं.