चेहऱ्याच्या नसदुखीची औषधं बदलताना या चुका टाळा

दात घासताना किंवा गार वारा लागताच गालात करंट बसल्यासारखी कळ जाते, काही सेकंदांत थांबते आणि पुन्हा येते. या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन घेत राहणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. इथे कामाला येतात ती मुळात फिट्सवर दिली जाणारी, नसेला शांत करणारी औषधं. त्यांत पहिला मान कार्बामाझेपिनचा.

“ही गोळी मला लागूच पडली नाही” असं म्हणणाऱ्याला आधी डोस विचारावा. सुरुवात साधारण १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा अशी होते, आराम मात्र पुष्कळांना दिवसाला ६०० ते १२०० मिग्रॅवर पडतो. सुरुवातीच्याच डोसवर औषधाला नापास करू नका. दुसरी गफलत काही आठवड्यांनी होते: आराम पडलेला असतो आणि कळा परत डोकावतात. या औषधामुळे यकृत तेच औषध जास्त वेगाने संपवायला लागतं, म्हणून डॉक्टरांना डोस पुन्हा बसवावा लागतो. औषध बदलायची घाई नको.

कार्बामाझेपिनचंच भावंड असलेल्या ऑक्सकार्बाझेपिनशी तुलना करताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावू नका. कार्बामाझेपिनचे २०० म्हणजे याचे साधारण ३००. गुंगी कमी, इतर औषधांशी भांडणही कमी, पण रक्तातलं सोडियम याने जास्त उतरतं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असलेले आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा.

अंगावर पुरळ आलं, तर कोणतंही औषध असो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आशियाई वंशाच्या लोकांत कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५०२ ही जनुक चाचणी सुचवतात ती गंभीर पुरळाचा धोका आधीच ओळखण्यासाठी. फिट्सवरच्याच लॅमोट्रिजिन या औषधाचा डोस पुरळाच्या भीतीने अगदी हळूहळू चढवतात. ऐन दुखण्यात त्याच्याकडून झटपट आरामाची अपेक्षा चुकीची. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन सोसायला बरी, पुरावा मात्र कार्बामाझेपिनइतका भक्कम नाही.

चावता येत नाही म्हणून सीआर किंवा एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून घेणं हाही नेहमीचा घोळ. हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं आणि चक्कर येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. कार्बामाझेपिन त्यांचा असर घटवतं.

कळा थांबल्या म्हणून गोळ्या एका दिवसात बंद करू नका. या दुखण्यात कधी कधी दिलं जाणारं, स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन तर अजिबातच नाही: एकदम तोडलं तर फिट किंवा भास होऊ शकतात. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने उतरवायचा.