ब्रेकअपनंतर पैसे परत मागताय? या चुका टाळा

पहिली चूक, रागात चॅट डिलीट करणं. ब्लॉक करा की खुशाल, पण डिलीट नको. माझ्या ओळखीतली एक बेळगावात टिळकवाडीत मित्रासोबत रूम करून राहायची, डिपॉझिटचे 40 हजार हिचे आणि ॲग्रीमेंट त्याच्या नावावर, मोडल्यावर हिनं एका रात्रीत सगळं पुसलं आणि आठवड्यानं वकिलाकडं गेली तर ते विचारतात, "त्यानं कुठं लिहून दिलंय काय?" दिलं होतं की, "रूम सोडताना तुझं डिपॉझिट देतो" म्हणून, पण गेलं ते. उरली फोनपेची एन्ट्री, आणि तिथं हिनं काय टाकलेलं, तर लाल बदाम!

एन्ट्रीनं पैसे गेले एवढंच दिसतंय, उसने का गिफ्ट ते नाही. आणि गिफ्ट घेतलेल्यानं ठेवून घेतलं की मागता येत नाही, म्हणून गोव्याची ट्रिप, वाढदिवसाचं घड्याळ सोडा.

उसन्या पैशाचा दावा 3 वर्षांच्या आत लावायचा. "देतो, देतो" ऐकत बसू नका, मुदतीतच सहीची लेखी कबुली घ्या, मग तिथनं 3 वर्षं नव्यानं मोजतात.

क्रेडिट सोसायटीत त्याच्या गाडीच्या लोनला जामीन राहिलात? तुमचं मोडलं म्हणून जामीनकी सुटत नाही, हप्ते थकले की नोटीस तुमच्या घरी. भरावे लागले तर पावत्या जपा, ते त्याच्याकडनं वसूल करता येतात.

खानापूर रोडला प्लॉट, पैसे तुमचे पण नाव तिचं, हे तर करूच नका. बेनामी कायद्यात बायकोच्या नावाला सूट आहे, गर्लफ्रेंडच्या नाही.

पोटगीबद्दल लई गैरसमज. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्न न झालेली बाईही खर्च मागू शकते, पण नातं लग्नासारखं पाहिजे: दोघं लग्नाच्या वयाचे, दुसरं लग्न नसलेले, बराच काळ एकत्र आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे राहिलेले, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सांगितलंय. शनिवार-रविवार भेटणं यात बसत नाही.

आणि तडजोडीचा कागद कन्नडात टाइप होऊन आला तर "बघू या काय असंल ते" म्हणून सही ठोकू नका, शेवटी "आता काही येणं बाकी नाही" अशी ओळ असते, तीच वाचून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.