पायथनमधलं पहिलं वेब ॲप: सर्व्हर सुरू न करता तपासता येईल असं लिहा

वेब प्रोग्रॅमिंग नव्यानं शिकणाऱ्यांचा बराच वेळ एकाच चक्रात जातो. कोड बदलायचा, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, ब्राउझर रिफ्रेश करायचा आणि डोळ्यांनी बघायचं. दोन पानांचं ॲप असेल तर हे निभतं. दहा रूट (ॲप ज्यांना उत्तर देतं ते पत्ते) झाले की एक दुरुस्त करताना दुसरा मोडतो आणि तो मोडलाय हे आठवड्यानं कळतं. यावरचा उपाय ॲपच्या रचनेतच आहे, म्हणून तो पहिल्या दिवसापासून करावा.

पोर्टवर कान देऊन बसणारा सर्व्हर वेगळा आणि आलेल्या रिक्वेस्टचं उत्तर ठरवणारं ॲप्लिकेशन वेगळं. पायथनमध्ये या दोघांमधला करार २००३ साली डब्ल्यूएसजीआय या नावानं मांडला गेला आणि पायथन ३ साठी त्याची सुधारित आवृत्ती २०१० मध्ये आली. करार अगदी छोटा आहे. ॲप्लिकेशन म्हणजे एक फंक्शन. त्याला रिक्वेस्टची माहिती असलेली एक डिक्शनरी मिळते. स्टेटस आणि हेडर कळवण्यासाठी एक फंक्शनही मिळतं. परत द्यायची असते बाइट्सची यादी.

फ्लास्क या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्ककडे वळण्याआधी एक संध्याकाळ हे उघडं फंक्शन लिहून बघा. पायथनसोबतच येणाऱ्या डब्ल्यूएसजीआयरेफ मॉड्यूलवर ते चालतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. बाइट्सऐवजी स्ट्रिंग परत केलीत तर लगेच एरर येईल. बाइट्स दिले पण यादीत ठेवले नाहीत तरी येईल, कारण बाइट्सवर लूप फिरवला की एकेक अंक हाती येतो.

मराठी मजकूर वापरला तर आणखी दोन गोष्टी इथेच उलगडतात. ‘मराठी’ या शब्दाची पायथनमधली लांबी ५ आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण १५. कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये ५ लिहिलेत तर समोरच्याला ‘म’ आणि त्यापुढे तुटलेलं चिन्ह मिळेल. दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्यातला मार्ग करारानुसार लॅटिन-१ मध्ये (एका बाइटला एक अक्षर मानणारं जुनं एन्कोडिंग) उलगडून येतो. देवनागरी मार्ग वाचायचा तर तो परत लॅटिन-१ बाइट्समध्ये नेऊन यूटीएफ-८ मध्ये उलगडावा लागतो. फ्लास्क हे काम परस्पर करतं. पण करतं काय, हे ठाऊक असलं की पुढे गोंधळ होत नाही.

आता खरं ॲप. उदाहरण वाचनालयाच्या देवघेवीचं घेऊ: पुस्तकांची यादी, एक पुस्तक सभासदाला देणं, ते परत घेणं. वेगळ्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (या ॲपपुरत्या लायब्रऱ्यांची वेगळी जागा) तयार करा आणि त्यात फ्लास्क व टेस्ट चालवणारं पायटेस्ट टाका. फाइलला ‘फ्लास्क’ हे नाव देऊ नका, नाहीतर इम्पोर्ट करताना पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलेल.

ॲप फाइलच्या वरच्या पातळीवर मोकळं तयार न करता एका फंक्शनच्या आत तयार करा आणि डेटाबेसचा मार्ग त्या फंक्शनला बाहेरून द्या. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे. टेस्ट चालवताना पायटेस्टच्या टीएमपी-पाथ फिक्स्चरमधला (फिक्स्चर म्हणजे टेस्टला आयती तयारी करून देणारी सोय) तात्पुरता मार्ग द्यायचा, म्हणजे प्रत्येक टेस्टला कोरा डेटाबेस मिळतो. फ्लास्कचा टेस्ट क्लायंट रिक्वेस्ट थेट ॲपच्या हाती देतो. पोर्ट नाही, नेटवर्क नाही. त्यामुळे पन्नास टेस्टही चटकन होतात.

टेस्टसाठी एस्क्यूलाइटचा (हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) मेमरीतला डेटाबेस घ्यायचा मोह होतो. पण त्यात प्रत्येक नव्या कनेक्शनला स्वतंत्र, रिकामा डेटाबेस मिळतो. एका कनेक्शननं टेबल बनवलं, दुसऱ्यानं शोधलं, तर ‘असं टेबल नाही’ हीच तक्रार येईल. सुरुवातीला फाइलच बरी. दुसरा सापळा कमिटचा, म्हणजे बदल कायम करण्याच्या आज्ञेचा. कमिट विसरलात तरी त्याच कनेक्शनला नवी नोंद दिसत राहते आणि कनेक्शन बंद झालं की ती जाते. म्हणून ‘पुस्तक दिलं’ ही टेस्ट पोस्टच्या (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टच्या) उत्तरावर थांबवू नका. त्यानंतर वेगळी गेट (माहिती मागणारी) रिक्वेस्ट पाठवून नोंद खरंच राहिली आहे का ते बघा.

२०० (सगळं ठीक) हा स्टेटस येतो का, एवढंच तपासणाऱ्या टेस्ट फारशा कामाच्या नसतात. जास्त उपयोग नकाराच्या टेस्टचा. नसलेलं पुस्तक मागितलं तर ४०४. फक्त गेटसाठी असलेल्या रूटवर पोस्ट केलं तर ४०५. जेसन (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायचा साचा) पाठवलं पण कंटेंट-टाइप हेडर दिलं नाही, तर फ्लास्कच्या नव्या आवृत्त्यांत ४१५. रूटच्या शेवटी तिरकी रेघ असेल आणि पत्त्यात नसेल तर ३०८ देऊन योग्य पत्त्यावर पाठवलं जातं. उलट असेल, म्हणजे रूटला रेघ नाही आणि पत्त्यात आहे, तर सरळ ४०४ येतो. नवशिक्यांचे ‘रूट सापडत नाही’ हे प्रश्न बऱ्याचदा या रेघेपाशी येऊन थांबतात.

आधीच कुणाकडे असलेलं पुस्तक पुन्हा देऊ पाहिलं तर ४०९ द्यावा. इथे ‘आधी सिलेक्ट करून बघू, मोकळं असेल तर अपडेट करू’ असं लिहू नका. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी रिक्वेस्ट आल्या तर दोघांनाही पुस्तक मोकळं दिसेल. ‘सभासद रिकामा असेल तरच’ ही अट अपडेटच्याच व्हेअर भागात घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. १ असेल तर पुस्तक दिलं, ० असेल तर ४०९. ० ओळी म्हणजे पुस्तक अस्तित्वातच नाही असंही असू शकतं, म्हणून ४०४ ची तपासणी वेगळी ठेवा.

टेस्टिंगचं सेटिंग चालू असताना कोडमधला एक्सेप्शन ५०० मध्ये न बदलता थेट टेस्टपर्यंत पोचतो. हे सोयीचंच आहे, कारण चूक कुठल्या ओळीत झाली ते समोर दिसतं.

जेसनमध्ये मराठी नाव बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या रूपात दिसलं तर घाबरू नका, तेही वैध जेसनच आहे. टेस्टमध्ये कच्चे बाइट्स न ताडता उलगडलेलं जेसन ताडा. वाचायला सोपं हवं असेल तर ॲपच्या जेसन सेटिंगमधलं एन्शुअर-आस्की बंद करा. शोध मात्र जपून लिहा. ‘दऱ्या’मधला ऱ काही ठिकाणी एकसंध चिन्ह म्हणून येतो, काही ठिकाणी र आणि नुक्ता अशा जोडीनं. दिसतात सारखे, पण तुलनेत वेगळे ठरतात. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी (युनिकोडचं एकच ठरलेलं) रूप करून घ्या आणि दोन्ही रूपांची एक टेस्ट लिहा.

शेवटी ॲप खरोखर चालवून कर्ल या कमांडनं एकदा हेडरसकट उत्तर बघा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, तिथे नावापुढे ईएक्सई जोडा. मॅकवर ५००० हा पोर्ट एअरप्ले अडवून बसलेला असू शकतो, दुसरा पोर्ट घ्या.

डीबग मोड फक्त स्वतःच्या मशीनवर. त्यातल्या एररच्या पानावरून कोड चालवता येतो, म्हणून तो नेटवर्कवर उघडा ठेवणं म्हणजे मशीन परक्याच्या हाती देणं. फ्लास्कचा अंगभूत सर्व्हरही फक्त विकासासाठी आहे. प्रत्यक्ष वापरासाठी लिनक्सवर गनिकॉर्न हा सर्व्हर घ्या, विंडोजवर ते चालत नाही, तिथे वेट्रेस घ्या. गनिकॉर्नला एकाहून अधिक वर्कर दिले की प्रत्येक वर्कर वेगळी प्रोसेस असते. पुस्तकांची यादी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवली असेल, तर एका रिफ्रेशला नवं पुस्तक दिसेल आणि पुढच्याला गायब होईल. टेस्ट क्लायंट एकाच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे ही चूक टेस्टमध्ये पकडली जात नाही. ती यादी पहिल्यापासून डेटाबेसमध्येच असायला हवी.