घरचा स्वस्त ऑल-इन-वन प्रिंटर: या चुका टाळा

परभणीत जून लागला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. बियाण्याच्या दुकानांसमोर गर्दी आणि माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर बंद पडलेले प्रिंटर. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळं एकदम निघतं आणि उन्हाळाभर झाकून ठेवलेलं मशीन नेमकं तेव्हाच कोरं पान बाहेर टाकतं. आणणारा प्रत्येक जण म्हणतो, "कंपनीच बेक्कार निघाली हो." कंपनी क्वचितच बेक्कार असते. घेताना हिशेब चुकलेला असतो, नाहीतर वापरताना दम धरलेला नसतो.

मशीनची किंमत विचारली, पानाची नाही

चार-पाच हजारांत प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स सगळं मिळतंय म्हटल्यावर माणूस लगेच पैसे काढतो. मग पहिलं कार्ट्रिज संपतं. सोबत आलेलं कार्ट्रिज बऱ्याचदा कमीच भरलेलं असतं, त्यामुळे ते लवकरच संपतं. एचपीच्या ८०५ नंबरच्या काळ्या कार्ट्रिजची कंपनी स्वतः सांगते ती पानं १२०. टँकवाल्या मशीनमध्ये, म्हणजे ज्याच्या टाकीत बाटलीतून शाई ओततात त्यात, लागणाऱ्या एप्सनच्या ००३ नंबरच्या ६५ मिलीलिटरच्या काळ्या बाटलीची ४,५००. कार्ट्रिज ८०० रुपयांना धरलं तर एक पान पावणेसात रुपयांच्या आसपास जातं, आणि बाटली ४०० ला धरली तर नऊ पैशांच्या. दुकानदार हा हिशेब करून दाखवत नाही, आपण मोबाइलवर भागाकार करून बघायचा.

हे आकडेही घरी तेवढे येत नाहीत. ठरावीक पानांचा संच एका दमात छापत राहून ते काढलेले असतात. आपण आज दोन पानं काढतो, पुढची दोन पंधरा दिवसांनी, आणि मधली शाई मशीन स्वतःचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, साफ करण्यात घालवतं.

कार्ट्रिजवाल्याची एक बाजू मात्र सांगायला हवी. अशा बहुतेक स्वस्त मशीनमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं. वाळलं तर कार्ट्रिज बदललं की हेड नवं. टँकवाल्यात बऱ्याचदा हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं आणि ते गेलं तर खर्च ऐकून लोक खुर्ची ओढून बसतात. म्हणून महिन्याला पाच-दहाच पानं लागत असतील तर माझं मत सरळ आहे: काहीच घेऊ नका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. नुसती काळीच पानं आणि तीही अधूनमधून लागत असतील तर लेझर बघा, त्यात शाईऐवजी पावडर असते, ती वाळत नाही. टँकवाला त्यालाच परवडतो ज्याच्या घरात आठवड्याला काही ना काही निघतं, म्हणजे शाळेतली दोन पोरं, शिक्षक नवरा-बायको, किंवा नीटची तयारी करणारं कोणीतरी.

बोर्डाचं बटण

ही चूक बघून बघून मी थकलोय. आपल्याकडे घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची शिस्त आहे. पंख्याला, टीव्हीला ती ठीक. इंकजेटला, म्हणजे शाईच्या प्रिंटरला, घातक.

मशीनवरचं पॉवर बटण दाबलं की हेड उजव्या टोकाला जातं आणि खालची रबरी टोपी त्याच्या तोंडाला बसते. ती घट्ट बसली की शाई वाळत नाही. छापताना किंवा छापून होता होता बोर्डावरून करंट तोडला तर हेड असेल तिथेच उघडं राहतं. आपल्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर आणि हवेत ओल नावाला नाही, अशा वेळी उघड्या हेडचं काय होत असेल ते सांगायची गरज नाही.

जिंतूर रोडकडचे एक गुरुजी. परीक्षेचे निकाल छापत होते, मधेच लाईट गेली. "आता आल्यावर बघू" म्हणून त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं, दुसऱ्या दिवशी सुट्टीला गावाकडं गेले आणि परतले थेट शाळा उघडायच्या तोंडावर. मशीन माझ्याकडं आलं तेव्हा झाकण उघडून बघितलं. हेड पट्ट्याच्या मधोमध उभं, टोपी बाजूला रिकामी, तिच्या कडेला शाईचा काळा चिवट थर. पिवळा आणि काळा पूर्ण बंद, निळ्याच्या रेघा तुटक. गुरुजी म्हणाले, "पण मी तर बटण बंद करून गेलतो की!" बंद केलं होतं, पण चुकीचं. नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, मोकळे करायला बरेच दिवस लागले आणि पिवळा पूर्वीसारखा आलाच नाही.

माझी सवय अशी. आधी मशीनचं बटण, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबणं, मग वाटलं तर बोर्ड. मधेच लाईट गेली तर आल्यावर मशीन एकदा चालू करून नीट बंद करायचं, तेवढ्यानं हेड टोपीत जाऊन बसतं. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रिंटरचा प्लग त्याच्यावर घ्या. घरगुती इंकजेट छापताना पंधरा-वीस वॅटच्या आत खातो, इन्व्हर्टरला ते जाणवतही नाही. लेझर मात्र इन्व्हर्टरवर लावू नका, तो पान तापवताना शेकडो वॅट ओढतो.

आणि आठवड्यातून एक रंगीत पान काढा. त्यापेक्षा नोझल चेक बरा, चारही रंगांच्या बारीक जाळ्या असलेलं एक पान. सुट्टीला जाणार असाल तर शेजारच्या पोराला सांगून जा.

हेड क्लीनिंगचा सपाटा

रेघा तुटल्या की नवशिका काय करतो? क्लीनिंग. नाही जमलं? परत क्लीनिंग. तासाभरात दहा वेळा. हेडमधून ओढलेली ती शाई कुठं जाते हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. ती मशीनच्या पोटातल्या नमद्यासारख्या पॅडमध्ये जाते. त्या पॅडचा हिशेब मशीन ठेवतं आणि आकडा भरला की लाल दिवे लावून बसतं.

मग येतो शॉर्टकट. व्हिडिओ बघून रिसेटचं सॉफ्टवेअर उतरवायचं, आकडा शून्यावर आणायचा, झालं. आकडा शून्य झाला, पॅड भरलेलाच आहे! वसमत रोडवरच्या एका घरातलं मशीन असंच दोनदा रिसेट केलेलं होतं. एके दिवशी खालच्या कप्प्यात ठेवलेल्या मुलीच्या गुणपत्रकांच्या फाइलवर काळं ओघळलं. मशीन उचललं तर बुडाशी शाईचं तळं. मी पॅड चिमट्यानं काढला तेव्हा पिळल्यासारखी शाई गळत होती. मुलगा तरीही विचारतोय, "सर, नुसतं रिसेट मारून देता का? मला आज अर्ज भरायचाय." नाही मारत. पॅड बदलल्याशिवाय मी रिसेट करत नाही, मग गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तरी चालेल. सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस फुकट येतो ते वेगळंच.

रेघा तुटल्यावर मी करतो ते एवढंच. नोझल चेक, एक क्लीनिंग, परत चेक. फार तर तीनदा. नाही सुधारलं तर मशीन बंद करून रात्रभर सोडून द्यायचं. हवेचे बुडबुडे आपोआप सरकतात आणि सकाळी बऱ्याचदा रेघ पूर्ण येते. लोकांना रात्रभर थांबणंच जमत नाही. हेडमध्ये सिरिंजनं काचेचं क्लीनर सोडणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

घेतानाच एक बघा: काही नव्या मॉडेलला हा पॅड डब्याच्या रूपात येतो, स्क्रू काढून आपणच बदलू शकतो. पाचशे-हजार जास्त गेले तरी तो घ्या.

बाकीचं

पहिल्यांदा शाई भरल्यावर मशीन दहा-वीस मिनिटं घुरघुरतं आणि टँकची पातळी खाली जाते. ती गळती नव्हे, नळ्या भरतात. तेवढ्यात प्लग काढू नका.

काळ्या टँकमधली शाई डाय (विरघळलेला रंग) आहे की पिगमेंट (बारीक रंगकण), हे विचारून घ्या. डाय पाण्याच्या थेंबानं पसरते, पावसाळ्यात सही-शिक्क्याचे कागद नेणाऱ्यांना हे कळतं. दुकानातच एक ओळ छापून ओलं बोट फिरवा. आणि या दोन जाती एकमेकींत मिसळू नका, स्वस्त सुटी शाई घेताना नेमकं हेच होतं.

कूलरच्या झोतात प्रिंटर ठेवू नका. कागद ओलसर होऊन दोन-दोन पानं ओढली जातात, आणि कूलरची धूळ मागच्या उघड्या ट्रेमधून थेट रोलरवर बसते. त्याच ट्रेमधून मी आजवर पेन्सिल, सुपारी, नाणी आणि एक पाल काढलीय. कागद भरायचा नसेल तेव्हा वर कापड टाका.

वाय-फाय जोडलं जाईना, ही तक्रार बहुतेक वेळा मशीनची नसतेच. स्वस्त प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय कळतं आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर बसलेला असतो. जोडणी करताना मोबाइल २.४ वर आणा. जोडलेला प्रिंटर दोन दिवसांनी "ऑफलाइन" दिसायला लागला तर बऱ्याचदा राउटरनं त्याचा नेटवर्कमधला पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये पत्ता पक्का करून टाका, नाहीतर सरळ केबल लावा. मी माझ्या घरी केबलच लावतो.

एडीएफ (पानं आपोआप एकेक ओढणारा वरचा ट्रे) नसलेलं मशीन घेऊन पन्नास पानांची फाइल स्कॅन करायला बसू नका, एकेक पान काचेवर ठेवून हात दुखतील. अर्जासाठी स्कॅन २०० किंवा ३०० डीपीआयवर करा. ६०० वर केलेली फाइल फार मोठी होते, बऱ्याचदा पोर्टलवर चढत नाही आणि लोक पोर्टलला शिव्या घालतात.

टँकवालं मशीन दुरुस्तीला आणताना मोटरसायकलवर मांडीत कलतं धरून आणू नका. टँकची झाकणं घट्ट, मशीन सपाट, आणि ज्या मॉडेलला वाहतुकीचा (शाईचा रस्ता बंद करणारा) खटका असेल त्याचा खटका बंद. गंगाखेडहून एसटीत कुशीवर ठेवून आलेलं एक मशीन मी उघडलं तेव्हा चारही रंग एकत्र होऊन आतल्या सर्किटवर वाळले होते. वॉरंटीत ते बसत नाही. वॉरंटीही बहुतेक एक वर्ष किंवा ठरलेली पानं, जे आधी होईल ते, अशी असते. तेव्हा बिल घेतल्यावर पानांचा आकडा वाचा, सर्व्हिस सेंटर परभणीत आहे की नांदेडला न्यावं लागेल ते दुकानातच विचारा, आणि मशीन न्यायला लागेल म्हणून खोक्यातला थर्माकोल माळ्यावर टाका, भंगारवाल्याला देऊ नका.